आधी नाव, मग सुई! औषध देण्यापूर्वी नर्स काय तपासतात आणि पेशंटनं काय बघावं?

सप्टेंबर २०२१. कोरोनाच्या लशीसाठी सगळीकडे रांगा लागल्या होत्या. ठाण्यातल्या कळव्यात, आतकोनेश्वर नगरच्या महापालिका आरोग्य केंद्रात एक जण कोव्हिशिल्ड घ्यायला गेला आणि चुकून दुसऱ्याच रांगेत उभा राहिला. ती रांग होती कुत्रा चावलेल्यांची. नंबर आला, बाही वर झाली आणि त्याला रेबीजची लस टोचली गेली. हातात केसपेपर होता, पण तो वाचलाच गेला नाही. महापालिकेनं नर्सला निलंबित केलं.

त्याच वर्षी ३१ जानेवारीला पोलिओची मोहीम होती. यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात पाच वर्षांखालच्या १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी चक्क सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात दाखल करावं लागलं. सुदैवानं सगळी बरी झाली. तिथंही कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली.

या बातम्या वाचून आपण सोशल मीडियावर काय लिहितो? "एवढंही कळत नाही का?"

खरं तर कळत असतं. कोरोनाची लस वेगळी आणि रेबीजची वेगळी, हे त्या नर्सला माहीत नव्हतं असं नाही. चूक ज्ञानात नव्हती, तपासण्यात होती. औषध देताना होणाऱ्या बऱ्याच चुका अशाच असतात. सगळं माहीत असलेल्या माणसाकडून, घाईत, एक छोटी पायरी सुटते.

हा प्रश्न किती मोठा आहे?

जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०१७ मध्ये 'मेडिकेशन विदाउट हार्म', म्हणजे 'इजा न होता औषध', ही मोहीम सुरू केली. औषधांमधल्या चुकांमुळे जगाचं वर्षाला सुमारे ४२ अब्ज डॉलरचं नुकसान होतं, असा अंदाज संघटनेनं तेव्हा मांडला होता. १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्ण सुरक्षा दिन असतो, त्याचा २०२२ सालचा विषयही औषधांची सुरक्षा हाच होता.

औषध डॉक्टर लिहितात, फार्मासिस्ट देतो आणि पेशंटच्या शरीरात ते जातं नर्सच्या हातून. आधीच्या दोघांची चूक नर्स पकडू शकते. नर्सची चूक पकडायला मात्र पुढं कुणीच उरत नाही. उरतो फक्त पेशंट, नाहीतर त्याचा नातेवाईक.

शिरूर-दौंडमध्ये हे वेगळं का आहे?

पुण्यातल्या मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या मनगटावर बारकोडचा पट्टा असतो. मशीननं 'टिक' केल्याशिवाय औषध पुढं जात नाही.

आता पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडं या. शिरूर आणि दौंडची सरकारी रुग्णालयं, यवत आणि न्हावऱ्याची ग्रामीण रुग्णालयं, गावोगावची प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि हायवेलगतची छोटी खासगी हॉस्पिटलं. एका बाजूला पुणे-अहिल्यानगर रस्ता, दुसऱ्या बाजूला पुणे-सोलापूर. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीतले कामगार, उसाच्या हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या तोडणी मजुरांच्या टोळ्या, सर्पदंश, अपघात, बाळंतपणं. असं सगळं एकाच दारातून आत येतं.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांनुसार साध्या वॉर्डमध्ये पाच पेशंटमागं एक नर्स हवी, शिकवणाऱ्या रुग्णालयात तर तीन पेशंटमागं एक. रात्रपाळीला एकाच सिस्टरकडं अख्खा वॉर्ड असेल, तर हे गणित कुठल्या कुठं जातं. बारकोड नसलेल्या ठिकाणी पेशंटचा जीव राखतात त्या काही साध्या सवयी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षातच त्या शिकवल्या जातात. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ आणि योग्य नोंद.

यादी सोपी आहे, पाळणं अवघड. का, ते एकेक करून पाहू.

१. योग्य पेशंट : "तुम्ही शिंदे ना?" हा प्रश्नच चुकीचा

एका गावचे चार पेशंट ॲडमिट असतील, तर त्यात दोघांचं आडनाव एकच निघतं. कधीकधी नावही एकच. अशा वेळी सिस्टरनं विचारलं, "तुम्ही शिंदे मावशी ना?" तर कमी ऐकू येणाऱ्या, तापानं ग्लानीत असलेल्या मावशी मान हलवून "हो" म्हणतात. डॉक्टर-सिस्टरला "नाही" कसं म्हणायचं, हा संकोचही असतो.

म्हणून नियम असा, की नाव सांगायचं नाही, विचारायचं. "मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा." त्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आलं पाहिजे. मग दुसरी खूण तपासायची. केसपेपरवरचा नंबर, वय किंवा गाव. खाट नंबर ही खूण धरत नाहीत, कारण पेशंट पंख्याखालची खाट रिकामी झाली की तिकडं सरकतात.

बाळंतपणात आणखी एक गुंता असतो. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडं पद्धत आहे. आधार कार्डावर माहेरचं नाव, गरोदरपणाच्या कार्डावर सासरचं आणि वॉर्डमध्ये सगळे हाक मारतात ते तिसरंच. बाळाला तर अजून नावच नसतं. त्याची ओळख आईच्या नावावर चालते. त्यामुळं आईच्या आणि बाळाच्या हाताला एकाच नावाची पट्टी असणं आणि प्रत्येक इंजेक्शनआधी ती वाचणं फार महत्त्वाचं.

२. योग्य औषध : लेबल तीनदा वाचायचं

औषध कपाटातून काढताना एकदा, सिरिंजमध्ये भरताना दुसऱ्यांदा आणि रिकामी बाटली ठेवताना तिसऱ्यांदा. लेबल वाचायची ही जुनी शिस्त आहे. रंग, आकार किंवा 'नेहमीची जागा' यावर विश्वास ठेवायचा नाही.

कारण औषधांची नावं जुळी भावंडं असतात. डोपामिन आणि डोब्युटामिन. सेफोटॅक्सिम आणि सेफट्रायॅक्सोन. हायड्रॅलाझिन आणि हायड्रॉक्सिझिन. पहिलं ब्लडप्रेशर उतरवतं, दुसरं खाजेवर देतात. अशी औषधं शेजारी-शेजारी ठेवायची नाहीत, हा यावरचा बिनखर्ची उपाय.

लेबर रूममध्ये धोका आणखी जवळ असतो. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन आणि नवजात बाळाला द्यायचं व्हिटॅमिन के, दोन्ही छोट्या काचेच्या अँप्युल. आईचं इंजेक्शन चुकून बाळाला दिलं गेल्याच्या आणि बाळाचा श्वास अडकल्याच्या घटना जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेल्या आहेत. म्हणून आईचा ट्रे वेगळा, बाळाचा ट्रे वेगळा.

फ्रीजचंही तसंच. २०१४ मध्ये सीरियातल्या इदलिबमध्ये गोवराच्या लशीची पावडर विरघळवायच्या द्रवाऐवजी भूल देताना वापरतात ते स्नायू सैल करणारं औषध वापरलं गेलं. १५ मुलं गेली. लशीच्या फ्रीजमध्ये लशीशिवाय दुसरं काहीही ठेवायचं नाही, हा नियम म्हणून तर एवढा कडक आहे.

३. योग्य मात्रा : इन्सुलिनच्या सिरिंजचं टोपण बघा

ही माहिती घरोघरी उपयोगाची आहे. भारतात इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. एका मिलीमध्ये ४० युनिट आणि एका मिलीमध्ये १०० युनिट. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची.

आता समजा, १०० ताकदीचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजनं २० च्या खुणेपर्यंत भरलं. ती खूण म्हणजे अर्धा मिली. पेशंटला गेले २० नव्हे, ५० युनिट. अडीच पट! साखर धाडकन उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. उलट केलं, म्हणजे ४० चं इन्सुलिन केशरी सिरिंजनं २० पर्यंत भरलं, तर जातात फक्त ८ युनिट. मग साखर उतरत का नाही, म्हणून डोस वाढवत बसायचं.

लिहिण्यातही गोची असते. 'युनिट'साठी नुसतं इंग्रजी 'यू' अक्षर काढलं आणि ते गोल झालं, तर १० चे १०० होतात. म्हणून 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहायचा. पूर्णांकानंतर पॉइंट-शून्य लावायचं नाही, कारण १.० मधला टिंब पुसट झाला की १० होतात. आणि पॉइंटच्या आधी शून्य लावायचंच, म्हणजे .५ नाही, ०.५. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियानं २०१६ मध्ये डॉक्टरांना औषधांची नावं सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितलं, त्यामागं अशीच कारणं होती.

छोट्या हॉस्पिटलात मोठे डॉक्टर अनेकदा फोनवर असतात. 'फिफ्टीन' की 'फिफ्टी', रेंज गेली तर कळत नाही. अशा वेळी ऐकलेलं लिहून घ्यायचं आणि आकडे सुटे करून परत वाचून दाखवायचं. "सर, एक-पाच, पंधरा मिलिग्रॅम, बरोबर?" डॉक्टर "हो" म्हणाले की मगच पुढं.

मात्रेत अंदाजाला थारा नाही, याचं एक उदाहरण शेतातलं आहे. लहान मुलाला औषध कमी, मोठ्याला जास्त, असं आपण धरून चालतो. सापाच्या विषावरच्या औषधाला हे लागू नाही. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं, साप मूल बघून विष कमी सोडत नाही. त्यामुळं मुलालाही मोठ्या माणसाइतक्याच बाटल्या लागतात. सोबत ॲड्रेनालिन भरून तयार ठेवावं लागतं, कारण या औषधाची तीव्र रिॲक्शन येऊ शकते.

४. योग्य मार्ग : शिरेत की स्नायूत?

बेंझाथिन पेनिसिलिन फक्त स्नायूत द्यायचं असतं. शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. पोटॅशियम क्लोराइड याच्या उलट. ते शिरेतून देतात, पण थेट कधीच नाही. सलाईनमध्ये मिसळून, अगदी सावकाश. त्याची १० मिलीची अँप्युल पाण्यासारखीच दिसते, हाच धोका. म्हणून ती वॉर्डच्या ट्रेमध्ये सुटी ठेवू नये, कुलपात ठेवावी, असं जगभर सांगितलं जातं.

पोटॅशियम, इन्सुलिन, हेपरिन, झटके थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेट यांना 'हाय अलर्ट' औषधं म्हणतात. यांच्यात चुकीला माफी कमी. ही देताना दुसऱ्या सिस्टरनं स्वतंत्रपणे तपासावं, असा नियम आहे. स्वतंत्रपणे, म्हणजे "मी पाच मिली भरलंय, बघ गं" असं नाही. तिनं ऑर्डर वाचून, आपलं गणित आपण करून, मग सिरिंज बघायची.

गोळ्यांचंही तेच. नाकातल्या नळीतून द्यायचं म्हणून सगळ्या गोळ्या कुटायच्या नसतात. हळूहळू विरघळणारी गोळी कुटली, तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं.

५. योग्य वेळ : डबा आला का?

जेवणाआधीचं इन्सुलिन सिस्टरनं वेळेवर दिलं. डबा मात्र गावाहून एसटीनं येतोय आणि एसटी चौफुल्यावर अडकलीये. तासाभरात पेशंटला घाम, थरथर, गरगर. औषध बरोबर, मात्रा बरोबर, तरीही धोका. म्हणून सुईआधी विचारायचं, "बाबा, जेवण समोर आहे का?"

वेळेची दुसरी मोठी चूक घरी होते. संधिवातावरचं मेथोट्रेक्सेट हे आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध आहे. रोज घेतलं तर जीवावर बेततं. डिस्चार्ज देताना "सोमवारी" असा वार मराठीत लिहून दिला, तर निम्मा धोका तिथंच टळतो.

६. योग्य नोंद : आधी द्यायचं, मग लिहायचं

कामाचा उरक पाडायला आधीच सह्या करून ठेवल्या आणि मधेच इमर्जन्सी आली, तर न दिलेलं औषध 'दिलं' म्हणून राहतं. उलट, देऊन लिहायचं राहिलं, तर पुढच्या ड्युटीची सिस्टर तेच परत देते. म्हणून दिल्यावर लगेच वेळ टाकून सही. ॲलर्जी असेल, तर ती केसपेपरच्या पहिल्याच पानावर, लाल पेननं.

मग चुका तरी का होतात?

एक कारण म्हणजे मधे-मधे होणारा व्यत्यय. ऑस्ट्रेलियात सिडनीतल्या दोन रुग्णालयांत ९८ नर्सेसनी ४,२७१ वेळा औषध दिलं, त्याचं निरीक्षण संशोधकांनी केलं. २०१० मध्ये ते प्रसिद्ध झालं. दर व्यत्ययामागं औषधाच्या चुका सुमारे १२.७ टक्क्यांनी वाढत होत्या. एक डोस देताना चार वेळा अडथळा आला, तर गंभीर चुकीची शक्यता दुप्पट होत होती.

आता आपला वॉर्ड आठवा. सिस्टर इंजेक्शन भरतायत आणि "सिस्टर, सलाईन संपलं", "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?", "सिस्टर, हा फॉर्म कुठं द्यायचा?" हे विचारणारे कोण असतात? आपणच.

निलंबनानं प्रश्न सुटतो का?

अमेरिकेतलं एक प्रकरण यासाठी जगभर गाजलं. डिसेंबर २०१७ मध्ये टेनेसीतल्या व्हँडरबिल्ट रुग्णालयात राडोंडा व्हॉट या नर्सला एका ७५ वर्षांच्या महिलेला स्कॅनआधी घबराट कमी करणारं 'व्हर्सेड' द्यायचं होतं. औषधाच्या यांत्रिक कपाटात तिनं पहिली दोन अक्षरं टाकली आणि बाहेर आलं 'व्हेक्युरोनियम'. हे स्नायू लुळे पाडणारं औषध. इशारे होते, लेबल होतं, ते सुटलं. पेशंट दगावली. मार्च २०२२ मध्ये कोर्टानं व्हॉटला दोषी ठरवलं आणि मे महिन्यात तीन वर्षांची प्रोबेशनची शिक्षा झाली.

तिनं आपली चूक स्वतःहून सांगितली होती. त्यामुळं नर्सेसनी विचारलं, की खरं बोलल्यावर तुरुंगाची भीती असेल, तर पुढची नर्स चूक सांगेल कशाला? दुसऱ्या बाजूला एका घरातलं माणूस गेलं होतं. त्यांचा प्रश्नही तेवढाच खरा.

दोन्ही बाजू खऱ्या आहेत, म्हणून उत्तरही दुहेरी आहे. मुद्दाम किंवा बेफिकिरीनं केलेल्या गोष्टीला कारवाई हवीच. पण कळव्याचं उदाहरण घ्या. दोन वेगळ्या लशींच्या रांगा एकाच केंद्रात असतील, तर माणूस चुकीच्या रांगेत जाणार, हे आधीच गृहीत धरायला हवं. मोठ्या अक्षरांत पाटी, दारातच केसपेपर बघणारा एक माणूस, दोन वेगळ्या खोल्या. नर्स बदलली आणि रांगा तशाच राहिल्या, तर तीच चूक दुसऱ्या हातून होते. झालंही तसंच आहे. कळव्याच्या पाच महिने आधी उत्तर प्रदेशातल्या शामली जिल्ह्यात तीन वृद्ध महिलांना कोरोनाच्या लशीऐवजी रेबीजचीच लस दिली गेली होती.

चूक झालीच, तर नर्सनं काय करायचं हेही ठरलेलं आहे. औषध लगेच थांबवायचं, डॉक्टरांना कळवायचं, पेशंटजवळ थांबून नाडी, श्वास, बीपी बघायचं, रिकामी बाटली जपून ठेवायची, जे घडलं ते तसंच लिहायचं आणि नातेवाइकांना सांगायचं. पेशंट वाचतो तो या पहिल्या काही मिनिटांत. लपवण्यात तीच मिनिटं जातात.

तुम्ही काय करू शकता?

- नाव न विचारता कुणी सुई लावत असेल, तर स्वतःहून पूर्ण नाव सांगा. "सिस्टर, हे कशाचं इंजेक्शन आहे?" असं नम्रपणे विचारा. हा तुमचा हक्क आहे आणि चांगल्या सिस्टरला याचा राग येत नाही.
- कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे ते मोबाईलमध्ये आणि पाकिटातल्या चिठ्ठीवर लिहून ठेवा.
- घरी चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून सोबत न्या. "बीपीची पांढरी गोळी" एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. आयुर्वेदिक काढे, पुड्यासुद्धा दाखवा.
- पुण्याहून डिस्चार्ज घेऊन गावी आलात, की जुन्या आणि नव्या गोळ्यांची नावं डॉक्टरांकडून किंवा केमिस्टकडून जुळवून घ्या. ब्रँड वेगळा, औषध तेच, असं असेल तर दुप्पट डोस पोटात जातो.
- इन्सुलिन विकत घेताना बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजच्या टोपणाचा रंग जुळतोय का, ते दुकानातच बघा.
- सिस्टर औषध भरत असतील, तेव्हा दोन मिनिटं थांबा. तातडीचं नसेल ते नंतर विचारा.
- औषधानंतर पुरळ, सूज, धाप असं काही झालं, तर आधी डॉक्टरांना सांगा. अशा दुष्परिणामांची नोंद केंद्र सरकारच्या फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री नंबरवर सामान्य माणूसही करू शकतो.

नर्सनं पूर्ण नाव विचारलं, की काही पेशंट चिडतात. "रोज बघता, तरी नाव विचारता?" पुढच्या वेळी हा प्रश्न आला, तर चिडू नका. तुम्हाला ओळखत असूनही ती विचारतेय, याचा अर्थ ती तिचं काम नीट करतेय.